काकांच्या नावाचं सील

२८ मे, बुधवार

गरमी. शेडचा पत्रा तापून नुसती भट्टी. दुपारी कैलासभैय्या पिकअप घेऊन आले. जुनी गाडी, डिझेलचा साधा पंप, सेन्सर-बिन्सर काही नाही. मागच्या फळीवर लाल रंगात लिहिलंय, 'गुनगुन के पापा'. गुनगुन त्यांची मुलगी.

काम असं की इथं एमपीत सिंहस्थात तंबू लावणाऱ्या एका ठेकेदाराने यंदा वर सरचूला तंबू लावायचं घेतलंय. मनाली-लेह रस्ता. टुरिस्ट लोक तिथं मुक्काम करतात. तंबू, पलंग, राशन सगळं कै.भै. वाहणार. तीन महिने. मधी सोळा हजार फुटांची खिंड.

काका, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, "ह्याला देऊन टाक. हा वरतीचाच आहे. मनालीत दोन सीझन पंपाचं काम केलं आहे नं यानी."

कै.भै. माझ्याकडे बघतच राहिले. "अच्छा! पहाड़ वाले भिया!"

मान हलवली. दुसरं काय करणार. आठ महिन्यांपूर्वी कामाला लागताना बोललो होतो ते. मी विसरलो होतो, काकांच्या लक्षात राहिलं.

मनालीत मी चाळीस दिवस होतो. ढाब्यावर. भांडी.

२९ मे, गुरुवार

सकाळी पंप उतरवला, बेंचवर चढवला. काका डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले होते. बेंचच्या काचेच्या नळ्यांत डिझेल किती चढलं ते त्यांना आता दिसत नाही, मीच वाचून सांगतो. हातालाही कंप आहे. गेले तरी पंप माझ्यावर टाकून जातात.

कै.भै.चं एकच, "भिया, चढ़ाई में दम मंगता. लोड बहुत रहेगा."

दम म्हणजे डिझेल. आमच्याकडं करमाळ्याला उसाच्या ट्रॅक्टरला हेच करायचो. दोन ट्रॉल्या ओढायच्या तर पंपाचा स्क्रू आत घालायचा, डिझेल वाढवायचं. काळा धूर आला की ड्रायव्हर खूष. धूर म्हणजे ताकद. तिथं माझा हात चांगला होता, ते खोटं नाही.

अर्धा फेरा वाढवला.

दुपारी काका आले. गाडी देवासच्या रस्त्याला नेली, मागं रेतीची पोती. पुलाच्या चढाला तिसऱ्या गियरवर अशी गेली की कै.भै. खिडकीतून हात बाहेर काढून ओरडले, "उड़ री है, उड़ री है!" काका मागं बसले होते, पोत्यावर. खाली उतरले तेव्हा सगळा शर्ट धुळीने पांढरा, आणि हसत होते.

मग काकांनी खिळ्यावरची पक्कड काढून माझ्या हातात दिली.

ही पक्कड त्यांच्या वडिलांची. पंपाचं काम झालं की स्क्रूच्या भोकातून तार घालायची, तारेला शिशाचा मणी, आणि मणी पकडीत दाबायचा. मण्यावर 'भा' उठतो. भालेराव. भालेरावांचं सील म्हणजे रस्त्यात कुणी त्या स्क्रूला हात लावायचा नाही. आठ महिन्यांत काकांनी पक्कड कुणाच्या हातात दिलेली मी पाहिली नव्हती.

"लावून दे. तुझं काम आहे, तूच लाव."

दाबलं. 'भा' स्वच्छ उठला.

आईला फोन करून सांगितलं. तिला पंप कळत नाही, पण पक्कड कळली.

३१ मे, शनिवार

गाडी गेली. कै.भै. निघताना खास शेडवरून आले, काकूंच्या पाया पडले. काकूंनी दह्याचा चमचा दिला. मला म्हणाले, "भिया, अपनी तो यही रोटी है," आणि बोनेट थोपटलं. मग माझी पाठ थोपटली. तशीच.

१ जून, रविवार

जेवताना. काकूंनी श्रीखंड केलं होतं, मी वाढून घेतलं होतं. काका सहज म्हणाले,

"किती कमी केलं मग? माझे वडील वरतीच्या गाडीला पाव फेरा कमी करायचे. तिथे हवा पतली, डिझेल जळून नाही राहात. जास्ती गेलं तर इंजिन आतून भाजून जातं."

घास तोंडात तसाच.

कमी. कमी करायचं असतं.

"तेवढंच," मी म्हणालो. "पाव फेरा."

"बघ," काका काकूंना म्हणाले, "मालूम आहे त्याला."

काकूंनी अजून श्रीखंड वाढलं. खाल्लं सगळं. नाही म्हणता आलं नाही.

२ जून, सोमवार

मोबाइलवर बघितलं. वरच्या एका मिस्त्रीचा व्हिडिओ. तेच सांगतोय. उंचावर हवा पातळ, तेवढ्याच हवेत डिझेल जास्त गेलं की धूर, मग गरम, मग पाणी उकळतं, मग हेड जातं, पिस्टन जातो. तो हसत हसत सांगत होता. म्हणाला, खालचे लोक वाढवून पाठवतात.

खालचे लोक.

कै.भै. आज अंबाल्याच्या आसपास असतील. सपाट रस्ता. काही होणार नाही अजून. फोन करायचा, सांगायचं, तिथल्या कुठल्याही पंपवाल्याकडं सील तोडा, पाऊण फेरा मागं घ्या. अर्धा माझा, पाव काकांचा. पाच मिनिटांचं काम.

पण ते काकांना विचारल्याशिवाय सील तोडणार नाहीत. काकांना विचारलं की झालं.

नाही केला.

३ जून, मंगळवार

केला. चहाला जातो सांगून चौकात गेलो, तिथून.

"क्या पहाड़ वाले भिया! मंडी पोंच गए. मक्खन चल री है. सब पूछ रे, किधर बनवाई."

मी विचारलं, जेवलात का.

एवढंच विचारलं.

५ जून, गुरुवार

अकरा वाजता कै.भै.चा फोन. काकांना नाही, मला. केलाँगवरून बोलत होते. दहा हजार फूट.

काळा धूर मारतेय, चढाला दम नाही, गरमीचा काटा लालला लागतोय. तिथला मिस्त्री म्हणतो पंपाला डिझेल जास्त आहे, सील तोडून कमी करून देतो. "मैंने बोला हाथ मत लगाना. काका की सील है. वो मेरे ऊपर हँस रिया था भिया. बोला ये सील किस गधे ने लगाई. मैंने बोला जबान संभाल."

माझ्यासाठी भांडला माणूस. गधा मी आणि भांडला तो.

इथं सांगायचं होतं. तोंडात आलं होतं. मागं काका एका गिऱ्हाइकाला नोझल दाखवत होते, चार हातांवर.

म्हणालो, "एअर फिल्टर साफ कर लो. धूल होगी. थांब-थांब के चलाओ."

"बस? फिल्टर?"

"हां."

"मैं भी यही बोला उसको," ते म्हणाले. आवाजात केवढा आनंद. ठेवला फोन.

कुणाचा होता, काकांनी विचारलं. म्हणालो, आईचा.

७ जून, शनिवार

फोन लागत नाही. केलाँगच्या वर, दारचाच्या पुढं नेटवर्क नाही हे मला माहीत आहे. ढाब्यावर ड्रायव्हर लोक बोलायचे. तेवढंच मला तिथलं माहीत आहे, की फोन लागत नाही. दर तासाला लावतोय तरी.

दुपारी एक ट्रकवाला आला, बद्रीनाथला जाणार. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमचा मुलगा बघून घेईल. आत्ताच एक सरचूला पाठवून राहिलो आहोत."

आमचा मुलगा. मी पान्हा शोधायच्या निमित्ताने बाकाखाली वाकलो आणि तिथंच बसून राहिलो.

ट्रकवाल्याला सोमवारी या म्हणालो.

८ जून, रविवार

पळायला निघालो होतो. लिहून ठेवतो म्हणजे नंतर स्वतःला दुसरं सांगायला नको.

शेड बंद. काका-काकू कुणाच्या मुंजीला. पिशवी भरली आणि नानाखेड्याला स्टँडवर. पुण्याची गाडी लागलेली. सुरतेहून असाच निघालो होतो, भोसरीहून असाच, मनालीहूनही. प्रत्येक ठिकाणी कुणाचं तरी काहीतरी बिघडवून. मनालीत दुधाचं पातेलं जाळलं होतं, फक्त एक पातेलं, आणि मालक काही बोलायच्या आत मी खाली येणाऱ्या ट्रकमध्ये. त्याला माझं नावसुद्धा नीट माहीत नव्हतं.

कंडक्टर दारात उभा राहून विचारत होता, "कहाँ जाना है? बोलो, कहाँ जाना है?" मला सांगता येईना. तीनदा विचारलं. मग म्हणाला, "तो हटो फिर, रस्ता छोड़ो."

परत आलो तर काकू आलेल्या. "कुठे चालला गेला होतास रे? मुंजीचे लाडू आणले आहेत तुझ्याकरता. हात धुवून ये." पिशवी बघितली असणार. काही विचारलं नाही.

९ जून, सोमवार

सांगितलं.

सकाळी शेड उघडल्या उघडल्या. गिऱ्हाईक यायच्या आत. काका अगरबत्ती लावत होते. मी म्हणालो, काका, कैलासभैय्याच्या पंपाला मी कमी नाही केलं. वाढवलं.

"काय?"

"अर्धा फेरा. वाढवलं."

अगरबत्ती तशीच हातात. "तू तर बोललास पाव फेरा कमी."

"खोटं बोललो."

"का बरं वाढवलंस? तू तर वरती दोन सीझन..."

"नाही केलं. मनालीत भांडी घासत होतो. चाळीस दिवस."

फिल्टरचंही सांगितलं. केलाँगच्या मिस्त्रीचं सांगितलं. आईचा फोन नव्हता, तेही. सगळं एका दमात, भिंतीकडं बघत.

वाटलं होतं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. काका नळावर गेले. साबणाने हात धुतले. परत धुतले. मग कै.भै.चा नंबर लावला. स्विच्ड ऑफ. परत लावला. परत. फोन शर्टाच्या खिशात ठेवताना दोनदा खिसा सापडला नाही.

"झूठ तर झूठ," काका म्हणाले, "पोटासाठी माणूस बोलून जातो. मी पण बोललो आहे. पण केलाँगवरून त्याचा फोन आला, तेव्हा तू माझ्यामागेच उभा होता नं? मी चार हातांवर होतो."

हो म्हणालो.

दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. काम सांगायचं तर पंपाकडं बघून सांगायचे. बद्रीनाथचा ट्रकवाला आला. त्याला म्हणाले, "चार दिवसांनी या, आमच्याकडे माणूस नाही."

संध्याकाळी चारला शेवटी म्हणाले, "माझ्या वडिलांपासून आजपर्यंत आपली सील कुणी बाहेरच्याने तोडली नाही. त्या बिचाऱ्याने पण नाही तोडू दिली. आता तू जा. तूच तोडून ये."

१० जून, मंगळवार

दिवसभर काकांनी बेंचवर शिकवलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. आधी विचारायचं कसं, मी तर सगळं येणारा.

डोळे मिटायला लावले. स्क्रू ड्रायव्हर धरून फेरा नुसता हाताने मोजायचा. "वरती थंडीने बोटं सुन्न होऊन जातील. डोळ्यावर भरवसा नको ठेवू." पाऊण फेरा मागं, मग सुरू करून धूर बघायचा. काळा गेला की थांबायचं. करडा राहिला तर किंचित अजून. सकाळी थंड असताना किती वेळ चालू ठेवायची, पाणी उकळलं तर झाकण लगेच उघडायचं नाही. सगळं वहीत लिहून घेतलं. एकदाही आवाज चढवला नाही.

काकूंनी दशम्या बांधल्या, त्यांचं जुनं स्वेटर दिलं. मरून. बायकांचं आहे, पण गरम आहे.

निघताना मी खिळ्याकडं बघितलं. पक्कड तिथंच. काकांनी माझी नजर बघितली.

"ती नाही. तार तोडायला साधं पेंचिस पुरेल. सील गाडी परत आली की मी लावीन."

देवास गेटला बसपर्यंत आले. बस सुटताना खिडकीशी आले, मला वाटलं पाणी हवं का विचारतायत. "एक लक्षात ठेव. पहिले बोल, मग तोड. आधी तोडलं आणि मग बोललास, तर परत येऊ नको."

१२ जून, गुरुवार. मनाली

दिल्लीहून बस, अंग आंबलं. पाऊस. ढाबा आहे अजून. त्याच्यावरून गेलो, समोरून, मुद्दाम. मालक गल्ल्यावर होता. ओळखलं नाही. मागं नळावर कुणीतरी पातेली घासत होतं, पाठमोरं. पातेल्याचं सांगायला आत जावं असं वाटलं. गेलो नाही. आधी तिकडचं.

कै.भै. बंद. काकांना फोन केला, पोचलो म्हणून. "ठीक आहे," म्हणाले. मग, "स्वेटर घातलं आहे नं?"

१३ जून, शुक्रवार. दारचा

बोगद्यातून पलीकडं आलो तर दुसराच मुलूख. झाड नाही. चार पावलं चाललं की धाप लागते. डोकं ठणकतंय. हवा नाही म्हणजे काय ते आता कळलं. माझ्याच छातीत कळलं. हे आधी कळलं असतं तर तो स्क्रू...

चहाच्या टपरीवर टँकरवाल्यांना विचारलं, एमपी तेरा, पांढरी पिकअप, तंबू भरलेली.

"वो काला धुआँ वाली? झिंगझिंगबार के पास खड़ी है. तीन-चार दिन हो गए. थोड़ी चढ़ती है, उबल जाती है, फिर बैठ जाती है. ड्रायव्हर जिद्दी है, किसी को पंप छूने नहीं देता. बोलता है सील लगी है."

सगळे हसले. एक म्हणाला, "सील चाटेगा क्या वहाँ."

मी पण हसलो. का हसलो.

उद्या सकाळचा एक ट्रक नेतो म्हणालाय.

१४ जून, शनिवार

पिकअपच्या केबिनमध्ये बसून लिहितोय. बोटं वळत नाहीत.

ट्रकने वळणावर सोडलं. लांबून गाडी दिसली, चाकांखाली दगड लावलेले. मागची फळी धुराने काळी. जवळ गेल्यावर बाहीने पुसून बघितली. गुनगुन दिसलं. पुढचं काळंच.

कै.भै. ताडपत्रीखालून बाहेर आले. माकडटोपी, ओठ फुटलेले, दाढी वाढलेली. मला एक क्षण ओळखलंच नाही, बहुतेक स्वेटरमुळं. मग धावत आले, धावताना धाप लागली, तसेच गळ्यात पडले.

"मेरे को पता था! मैं सबको बोला, काका की सील है, काका खुद आदमी भेजेगा. और पहाड़ वाले भिया को ही भेजा!"

मी म्हणालो, कैलासभैय्या. ते ऐकेनात. हाताला धरून बोनेटपाशी नेलं, उघडलं. पंपावर त्यांच्या गमछ्याची पट्टी गुंडाळलेली, गाठ मारलेली. ते झोपेत असताना कुणी येऊन छेडू नये म्हणून. गाठ सोडली, पट्टी बाजूला केली.

"देख लो. जैसी लगाई थी, वैसी."

'भा' लखलखीत. सगळ्या काजळीत तेवढंच एक स्वच्छ.

मी परत म्हणालो, भैय्या, सुनो. "पहले चाय," ते म्हणाले. "पाँच दिन में पहला अपना आदमी दिखा है." पाण्याचा कॅन घेऊन खाली ओढ्याला गेलेत. रेडिएटरचंही पाणी तिथूनच आणतात, दिवसातून सहा-सात वेळा.

ते गेल्यावर पेंचिस काढलं. तार पातळ आहे. एक दाब. पाऊण फेरा, बोनेट बंद, ते यायच्या आत होईल. मग म्हणायचं, पहाडाच्या हवेने पंप फिरतो, ठीक करून दिला. मानतील. पाया पडतील कदाचित.

पेंचिस परत खिशात ठेवलं. बोनेट उघडंच ठेवलंय.

आत्ता एक रिकामा टँकर खाली जाताना थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "नीचे चलना है क्या?" पिशवी माझ्या मांडीवरच होती. नाही म्हणालो. एकदा म्हणालो आणि आवाज त्याच्यापर्यंत गेला की नाही कळेना, म्हणून परत म्हणालो. गेला तो.

वाटेत पाठ केलं होतं काय बोलायचं ते, हिंदीत. पहिलं वाक्य आठवतंय. "भैय्या, वो गधा मैं हूँ." पुढचं नाही आठवत.

ते येतायत. भरलेला कॅन आहे, दोनदा दम खायला थांबले. तिथूनच हात हलवतायत.

खाली उतरतो. आधी कॅन हातातून घेतो. मग पहिलं वाक्य.